पेशवे दफ्तरातले माझे नऊ दिवस

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक कागद आहे. चारही घड्यांवर फाटलेला, मागून कुणीतरी खळ लावून पातळ कापड चिकटवलेला. मोडीत लिहिलेला. घरात तो कुणालाच वाचता येत नाही, पण त्यात काय लिहिलंय ते सगळ्यांना पाठ आहे. आमच्या मूळपुरुषाचा उजवा हात पानिपतावर गेला, म्हणून थोरल्या माधवरावांनी त्याला गावची अर्धा चाहूर (चाहूर हे जमिनीचं जुनं माप) जमीन इनाम दिली. नव्वदी ओलांडलेली आत्या ही गोष्ट सांगताना आपला उजवा हात पदराखाली लपवते. लहानपणी तो हात खरोखरच नाहीसा झाला असं वाटून मी एकदा रडलेही होते.

मी साताऱ्यात बँकेत कॅशियर आहे. इतिहास शाळेत सोडला तो सोडलाच. २०२२ च्या दिवाळीत भाच्यानं सहज विचारलं, "मावशी, पण कागदात खरंच तसं लिहिलंय का?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि मला ते लागून राहिलं. त्या प्रश्नामागे लागून मी फेब्रुवारी २०२४ पर्यंत पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजेच पेशवे दफ्तरात, तीन खेपांत मिळून नऊ दिवस बसले. ज्यांच्या घरी अशी एखादी ट्रंक आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात चुकीनं झाली. मोडी वाचून देणाऱ्या एकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, दोन हजार रुपये दिले. चार दिवसांत टाइप केलेलं देवनागरी लिप्यंतर आलं. साल होतं "सलास सितैन मया व अलफ", म्हणजे १७६२-६३. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं. सगळं जुळत होतं. काकांनी लगेच त्याची प्रत लॅमिनेट करून देवघराशेजारी लावली. त्या लिप्यंतरात पानिपत हा शब्दच नव्हता, हात तर नव्हताच. ते मला दिसलं होतं, पण लॅमिनेशन झाल्यावर बोलायचं कसं?

जानेवारी २०२३ पासून मोडीच्या वर्गाला जायला लागले. दहा रविवार, फी दीड हजार. अक्षरं तीन आठवड्यांत येतात. पण अक्षरं आली म्हणजे वाचता येतं असं मुळीच नाही. मोडीत आधी कागदभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवत जायचं. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. त्यात संक्षेप: मौ। म्हणजे मौजे, क॥ म्हणजे कसबे, रा। म्हणजे राजश्री. शिकवणारे सर म्हणायचे, मोडी वाचायची नसते, ओळखायची असते. रस्त्यात लांबून चालीवरून माणूस ओळखतो तशी. मी घरी रोज रात्री अर्धा तास जुन्या पत्रांच्या झेरॉक्स वाचायचे. नवरा म्हणायचा, परीक्षेला बसल्यासारखी दिसतेस.

मार्चच्या शेवटी एका रविवारी घरचा कागद घेऊन बसले आणि सालापाशी अडकले. "स" नंतरचं अक्षर "त" नव्हतं, "ब" होतं. सितैन नाही, सबैन.

ज्यांना हे नवीन असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. मराठी दफ्तरात सुहूर सन अरबी आकड्यांच्या नावांनी लिहायचे. सलास म्हणजे तीन, सितैन म्हणजे साठ, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. त्यात ५९९ मिळवायचे, आणि तारीख जानेवारीपासून मृगापर्यंतची असेल तर ६००. आमच्या कागदावर महिना जिल्काद होता. मोडकांची जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखा जुळवायचं कोष्टक, उघडून पाहिली. सन ११७३ चा जिल्काद म्हणजे १७७३ चा जानेवारी-फेब्रुवारी.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले. डिसेंबरात पेशवाईची वस्त्रं नारायणरावांना मिळाली. म्हणजे आमचा कागद माधवरावांचा असूच शकत नव्हता. त्याची वरची ओळ घडीत झिजून गेलेली, आणि नक्कल असल्यानं शिक्का नाही, म्हणून पेशव्याचं नाव इतकी वर्षं गोष्टीतून येत होतं. एका अक्षरानं आम्ही दहा वर्षं आणि एक पेशवा चुकलो होतो.

नकलेवर विसंबायचं नाही, मूळ नोंद पाहायची, असं ठरवलं. पेशव्यांच्या सरकारात दिलेली सनद आणि आलेला-गेलेला पैसा रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, चढायचा, आणि त्या रोजकीर्दी आज पुण्यात पेशवे दफ्तरात आहेत. कौन्सिल हॉलजवळची दगडी इमारत. ती १८९१ मध्ये या कागदांसाठीच बांधली. आत सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, आणि एकेका गाठोड्यात शेकडो कागद. एवढं दफ्तर टिकलं ते इतिहासाच्या प्रेमापोटी नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला सारा वसूल करायचा होता, आणि कोणाची जमीन सारामाफ आहे आणि का, हे तपासायला हेच हिशेब लागत होते. मला हे कळलं तेव्हा जरा बरंच वाटलं. बँकेतही जुने लेजर आम्ही आठवण म्हणून ठेवत नाही.

परवानगीसाठी ठराविक नमुन्यातला अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि कशासाठी पाहायचं आहे त्याचं पत्र एवढं लागलं. मी विद्यापीठाची विद्यार्थिनी नाही, म्हणून आमच्या मोडीच्या सरांकडून शिफारसपत्र घेऊन ठेवलं होतं. विषयाच्या रकान्यात "घराण्याचा इतिहास" लिहू नका. "अमुक परगण्यातील इनामांच्या नोंदी, सन ११७१ ते ११७५" असं लिहा. समोरच्या माणसाला कुठल्या कपाटाकडे जायचं ते कळतं.

आणखी एक. शनिवार-रविवार सरकारी कचेऱ्या बंद. नोकरी करणाऱ्या माणसाला रजा टाकण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या नऊ रजा गेल्या.

पहिली खेप १२ ते १४ जून २०२३. मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं, त्यामुळे सातारा-स्वारगेट स्वस्तात. मुक्काम मावसबहिणीकडे. बॅगेत पेन्सिली, भिंग, डबा आणि मास्क. पेन आत चालत नाही, शाईचा एक थेंब पडला तर तो कायमचा. मास्क विसरू नका. मी पहिल्या दिवशी लावला नाही आणि रात्रभर शिंकत बसले.

यादी पाहून चिठ्ठी भरली. रुमाल आला. गाठ सोडताना हात थरथरत होते हे कबूल करते. गाठ कशी मारली आहे ते आधी नीट पाहून ठेवा, परत तशीच मारायची असते, आणि कागदांचा क्रम तर अजिबात मोडायचा नाही. पहिला कागद उलगडला आणि घडीतून बारीक काळी वाळू टेबलावर सांडली. मला वाटलं मी काही तरी मोडलं. रुमाल घेऊन आलेले शिपाईकाका म्हणाले, "शाई वाळवायला टाकलेली हो ती. तेव्हाचीच." अडीचशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं घाईत झटकलेली नव्हती, ती माझ्या वहीवर पडली. शाई अजून काळीभोर होती. माझ्या पासबुक प्रिंटरची दोन वर्षांत उडते.

तीन दिवसांत मला काहीही सापडलं नाही. मी रोजकीर्दीतल्या खर्चाच्या बाजू वाचत होते. जमीन दिली म्हणजे सरकारचं काहीतरी गेलं, म्हणजे ते खर्चात असणार, असं माझं गणित. एका दिवसात जेमतेम नऊ-दहा पानं व्हायची. हत्तींची रातिब (रोजचा खुराक), जासुदांचे मुशाहिरे, शालजोड्या, ब्राह्मणांना दक्षिणा. रुपयाचे पाव-अर्धे-पाऊण उभ्या रेघांनी लिहिलेले असतात, ते मात्र मला पहिल्या तासात जमले. एका पानावरची बेरीज मी सवयीनं तपासली. जुळली. त्या अनोळखी कारकुनाबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला. संध्याकाळी पाचला रोकड जुळल्याशिवाय घरी न जाणाऱ्या जातीचा.

दुसरी खेप ९ ते १२ ऑक्टोबर. या वेळी शेजारच्या टेबलावर कोल्हापूरची एक मुलगी होती, पीएचडी करणारी. ती त्याच काळातल्या रुमालांतून धान्याचे निरख उतरवून घेत होती. ज्वारी रुपयाला किती, कुठल्या महिन्यात, कुठल्या मुक्कामी. दुष्काळ केव्हा पडला हे कुणी पत्रात लिहिलं नसेल तरी भाव सांगतात, असं ती म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. मी ज्या ओळी ओलांडून जात होते त्याच ती गोळा करत होती. हत्तीच्या रातिबातून ती तांदळाचा भाव काढायची. लिहिणाऱ्या कारकुनाला भावांचा इतिहास सांगायचा नव्हता, म्हणूनच त्या आकड्यांवर तिचा जास्त भरवसा.

जेवणाच्या सुट्टीत तिला माझी अडचण सांगितली. चपातीचा तुकडा हातात धरून ती म्हणाली, "ताई, इनाम नवं दिलं असं तुम्ही धरूनच चाललाय. नवा पेशवा आला की जुन्या सनदा पुन्हा करून घ्यायला लागायच्या. त्याला पैसे पडायचे."

पैसे पडायचे. म्हणजे सरकारला मिळायचे. म्हणजे जमेला!

एकवीस वर्षं काउंटरवर बसणाऱ्या बाईला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं. दुपारी तोच रुमाल पुन्हा सोडला आणि जमेची बाजू धरली. दुसऱ्या दिवशी, ११ ऑक्टोबरला, पावणेबाराच्या सुमारास नजरेच्या, म्हणजे सरकारला भरायच्या नजराण्याच्या, सदराखाली आमच्या गावाचं नाव दिसलं. मौ।, मग गाव, मग मूळपुरुषाचं नाव, "बिन", मग त्याच्या बापाचं नाव, जे आमच्या वंशावळीत नव्हतंच. अर्धा चाहूर इनाम पूर्वीपासून चालत आहे, भोगवट्यास पत्र करून दिलं, सबब नजर रुपये ७५. तारीख आमच्या नकलेच्या तारखेच्या तीन दिवस आधीची.

मी ती ओळ चार वेळा वाचली, मग त्या मुलीला वाचायला लावली, मग बाहेर जाऊन चहा घेतला. आनंद झाला होता, पण तो विचित्र होता. नोंद सापडली आणि गोष्ट हातातून गेली. हा कागद इनाम दिल्याचा नव्हताच. जमीन आधीपासून होती. नवीन धनी गादीवर आल्यावर आमच्या माणसानं पंच्याहत्तर रुपये भरून ती चालू ठेवून घेतली, एवढंच. मूळ कोणी दिली, कशाबद्दल दिली, यावर रोजकीर्द चकार शब्द काढत नाही. तिला काय पडलंय? पैसे आले, लिहिले. प्रत्यक्षात पंच्याहत्तरावर आणखी किती गेले कोण जाणे. दरबारखर्च आणि अंतस्थ हे लाचेसाठीचे शब्दही त्या काळच्या कागदांत जागोजाग भेटतात.

मग पानिपत आलं कुठून?

ते इनाम कमिशनच्या कागदांत सापडलं, तिसऱ्या खेपेत, ५ आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं या कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनभरच्या इनामदारांना आपापले हक्क शाबीत करायची वेळ आली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांनीही या खात्यात नोकरी केली होती. इनामदारानं कैफियत लिहून द्यायची, सनदा दाखवायच्या, आणि अधिकारी त्या पेशवे दफ्तराशी ताडून पाहायचे. म्हणजे माझ्या आधी ती रोजकीर्द याच कामासाठी कुणीतरी उलटली असणार. आमच्या घरची नक्कलही बहुधा त्याच वेळी केलेली. कागद आणि अक्षराचं वळण पाहून सर तसं म्हणाले.

कैफियत मूळपुरुषाच्या पणतूची आहे, १८५४ ची. प्रश्न आणि त्याखाली उत्तरं. इनाम कोणी दिलं, या प्रश्नाच्या उत्तरात माधवरावसाहेब आहेत. कशाबद्दल, याच्या उत्तरात पानिपत आणि उजवा हात आहे. मला पाहायला मिळालेल्या कागदांत ही गोष्ट इथे पहिल्यांदा येते, लढाईनंतर ९३ वर्षांनी, जमीन जायची पाळी आली तेव्हा. अक्षर घाईचं आहे. खाली पणतूची सही नाही, निशाणी नांगराची. म्हणजे त्यानं सांगितलं आणि लेखनिकानं लिहिलं. "हात" शब्दाच्या आधी काहीतरी लिहून खोडलं आहे. भिंगानं पुष्कळ पाहिलं. पहिलं अक्षर "डा" असावं असं मला वाटतं, पण यावर मी पैज लावणार नाही.

मी पणतूला खोटारडा म्हणायला तयार नाही. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हीच गोष्ट चालत आलेली असू शकते. पण त्याला ती त्या दिवशी, त्या साहेबापुढे, तशी सांगणं भाग होतं, हेही विसरता येत नाही. रोजकीर्दीतल्या कारकुनाला आमच्या घराण्याचं काही देणंघेणं नव्हतं, म्हणून पंच्याहत्तर रुपयांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते. हातावर नाही ठेवत. कोल्हापूरच्या मुलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, तुम्ही आता आमच्यातल्या झालात." मी म्हटलं, नको गं बाई, मला आधी रजा शिल्लक राहू देत.

कमिशननं पुढे काय निकाल दिला तो कागद त्या फाइलीत नव्हता. एका महसुली कार्यालयात कोर्ट फी तिकीट लावून नकलेचा अर्ज केला होता. सात महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: "आढळून येत नाही." अर्जाची पोच मात्र जपून ठेवा, दोनदा तीच दाखवून मला पुन्हा रांगेत शिरता आलं.

खर्चाचं विचाराल तर वर्ग, ती वाया गेलेली दोन हजारांची फी, प्रवास, प्रती, भिंग, जंत्रीची झेरॉक्स मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास गेले. प्रतींसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि मोबाइलनं परस्पर फोटो काढायचे नाहीत, हे आधीच विचारून घ्या. मी बरंचसं पेन्सिलीनंच उतरवलं. प्रत्येक कागदावर सर्वांत वर रुमाल क्रमांक आणि तारीख टाकायची. जूनमधल्या एका पानावर मी ते टाकलं नाही आणि ऑक्टोबरमधला अर्धा दिवस तोच कागद पुन्हा शोधण्यात गेला. जायच्या आधी छापील साधनं चाळा. सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड काढले, ते मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. त्यात तुमच्या गावची नजर सापडायची शक्यता कमी, कारण निवड राजकारणाच्या अंगानं झालेली आहे. पण भाषा कानाला बसते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" घरबसल्या शोधता येतं, इंग्रजी अमदानीतल्या कागदांसाठी ते जरूर पाहा. मोडी रुमालात मात्र गावाचं नाव टाइप करून काही निघत नाही. तिथं बोटानंच पानं उलटावी लागतात, आणि बोटाला थुंकी न लावता.

घरी सांगायचं काम उरलं होतं. काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, लॅमिनेशन काढायचं का? म्हटलं, राहू द्या, फक्त साल दुरुस्त करते. आत्याकडे मात्र स्वतः गेले. रोजकीर्दीतली ओळ तिला वाचून दाखवली, कैफियत वाचून दाखवली, नांगराची निशाणी वहीत काढून दाखवली. खोडलेल्या शब्दाचंही सांगितलं. तिचा हात पदराबाहेरच होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंच्याहत्तर रुपये? तेव्हाचे? आणि ते आणले कुणाकडनं?"

हे मला सुचलंच नव्हतं. नुसत्या अर्ध्या चाहुरावर जगणाऱ्या घरात एवढी रोकड कुठून येणार? कर्ज काढलं असेल तर त्याचा कागद सरकारी दफ्तरात असायचं कारण नाही, तो सावकाराच्या वहीत. गावात त्या काळापासूनचं एकच सावकारी घर आहे, आणि त्यांच्या माडीवर वह्यांनी भरलेल्या दोन कणग्या आहेत असं आत्याच म्हणाली. त्यांचं-आमचं तीस वर्षं बोलणं नाही. अक्षय्य तृतीयेला त्यांच्याकडे पहिला आंबा घेऊन जायचं ठरलंय. आत्या बरोबर येते म्हणाली आहे.